जातीची साक्ष कोण देणार?

दलित ख्रिस्ती म्हटला की आपल्या पोरांकडं दोन उत्तरं तयार असतात. एक : ते दुधाच्या भुकटीसाठी गेले. दुसरं : ते गेले, आता ते आपले राहिले नाहीत.

पहिलं उत्तर मूळचं आपलं नाहीच. ते गावातल्या पाटला-बामणांच्या ओट्यावर तयार झालं आणि आपण ते उष्टं चघळत बसलोय. छप्पन साली आपल्या आज्यांनी धम्म घेतला तेव्हा त्याच ओट्यावरून 'धर्म बदलला म्हणून जात जाते व्हय?' असं खिदळणं ऐकू आलं होतं. भुकेल्या माणसाने भाकर देणाऱ्याच्या दारात जाणं हा गुन्हा असेल, तर त्याला पिढ्यान् पिढ्या भुकेलं ठेवणाऱ्यांना कुठलं कलम लावायचं, ते आधी सांगा. दुसरं उत्तर मात्र जास्त धोक्याचं आहे, कारण ते चळवळीतल्या शहाण्या माणसांच्या तोंडी असतं. त्याची झडती घ्यावी म्हणून हे लिहितोय.

मे २०२५ मध्ये मी माथेरानच्या डोंगरावर मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या एका शिबिरात सात दिवस राहिलो. मी बौद्ध. आत्याचं सासर ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या महारवाड्यात एका घराने मिशनकडून बाप्तिस्मा घेतला, शेजारच्या घराने छप्पनच्या लाटेत पंचशील घेतलं. एका भिंतीवर क्रूस, दुसऱ्या भिंतीवर बाबासाहेब. पण दोन्ही घरांना गावच्या पाणवठ्यावरून हाकलणारा हात एकच होता आणि तो हात काय कुणाच्या भिंतीकडं बघून थांबत नव्हता. त्या वर्षी आत्याच्या घरातलं एक माणूस कमी पडलं, जागेचे पैसे भरलेले होते, आत्या म्हणाली, "चल रं, डोंगर तरी बघशील." मी गेलो.

शिबिराचं नाव लिहीत नाही. चालवणारी माणसं साधी होती, पदरमोड करणारी होती. आणि प्रश्न त्या एका शिबिराचा नाहीच.

आधी चांगलं ते सांगतो. आपल्यातले काही दोस्त धर्माचं नाव काढलं की लगेच अफूची गोळी आठवतात आणि तिथंच थांबतात. मी थांबणार नाही.

शिबिरात सकाळी प्रार्थना, मग न्याहारी, मग पवित्र शास्त्राचा अभ्यास, दुपारी झोप, संध्याकाळी मुलांचे खेळ, रात्री गीतं आणि साक्ष. भांडी घासायची पाळी पुरुषांच्या गटांवर. बँकेतला साहेब आणि नगरपालिकेत झाडूकाम करणारा माणूस एकाच भगोण्याला राख लावत बसलेले मी पाहिले. एक चहा ओततोय, दुसरा पितोय, कपाला वेगळी खूण नाही. पोरं कुणाच्याही ताटात हात घालत होती. तिसऱ्या दिवशी आत्या बाहेरच्या दगडावर पाय सोडून बसली होती. म्हणाली, "लग्नाला बेचाळीस वर्सं झाली लेका. सात दिस लागोपाठ दुसऱ्याच्या हातचं गरम खाल्लं, असं कधी झालं न्हवतं."

दोस्तहो, हे वाक्य मला कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठं वाटलं. आपल्या माणसाला विसावा कधी होता? महारकीला सुट्टी नव्हती. सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाचं बोचकं पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं. १९५८ च्या कायद्याने वतन गेलं, पण कामाची सवय लावणारी व्यवस्था गेली नाही. आपल्या बायांना प्रवास माहीत आहे तो ऊसतोडीचा, माहेरचा, नाहीतर सहा डिसेंबरच्या गर्दीचा. थंड हवेच्या ठिकाणी काही न करता बसायचं, हे आपल्या घरात कुणाच्या स्वप्नातही नसतं. ख्रिस्ती मंडळींनी ते आत्याला दिलं. त्याबद्दल मी त्यांना मनापासून जय भीम करतो.

आता दुसरी बाजू.

माथेरान कुणासाठी वसलं? १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढला आणि मुंबईच्या उकाड्याने हैराण झालेल्या साहेबांना उन्हाळ्याची जागा मिळाली. १९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली. तिच्या आधी साहेब चढत होता, मडमेला चढवत होते आणि दोघांच्या पेट्या माणसं वाहत होती. डोंगरावर आपल्यासारखा माणूस पूर्वीपासून आहे. फक्त तो पाठीवर काहीतरी घेऊन आहे.

आजही माथेरानात मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. पुढं लाल मातीची वाट. चालायचं, घोड्यावर बसायचं, नाहीतर रिक्षात. आम्ही गेलो तेव्हा ई-रिक्षा मोजक्या होत्या, बाकी हातरिक्षा. एक जण पुढून ओढतोय, दोघं मागून रेटतायत, आत सहकुटुंब पर्यटक. सामान न्यायला हमाल, त्यात बायाही. डोक्यावर दोन बॅगा, वर तिसरी. आमच्या शिबिराच्या पेट्या, ढोलकी, पेटी, पुस्तकांचे गठ्ठे असेच वर गेले. भाव करताना दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस झाली, ती आमच्यातल्याच लोकांनी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळचा विषय होता ओझ्याखाली दबलेल्यांना प्रभूने दिलेलं आमंत्रण. बोलणारे पाळकसाहेब चांगले बोलले. चिंतेचं ओझं, कर्जाचं ओझं, पापाचं ओझं. मी प्रश्नोत्तरांत उठून विचारलं, "काल आपलं खरंखुरं ओझं ज्यांनी डोक्यावरून आणलं, त्या बायांना हे आमंत्रण आहे का? असेल तर त्या आत का नाहीत?" थोडी शांतता झाली. मग ते म्हणाले, "ब्रदर, फार चांगला मुद्दा. आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू या." प्रार्थना झाली. मनापासून झाली, मी खोटं बोलणार नाही. पण बाया आत आल्या नाहीत.

त्यानंतर तीन महिन्यांनी, ६ ऑगस्ट २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा, असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढावं हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, असं कोर्टाने बजावलं. पंजाबातल्या रिक्षाचालकांच्या खटल्यात १९८० साली याच कोर्टाने जे सांगितलं होतं त्याची आठवण दिली. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्याच वस्तीतून वर गेलेला माणूस. हा आदेश यायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. दरम्यान डोंगरावर किती शिबिरं झाली, किती प्रवचनं झाली, किती गीतं झाली! ओझी उतरवण्याची भाषा करणाऱ्या एखाद्या मंडळीनेच या रिक्षांविरुद्ध पहिली अर्जी केली असती, तर तिचं नाव आज किती मोठं झालं असतं.

डोंगरावर जाऊन देवाजवळ बसायची ही चाल कुठून आली, तेही बघायला पाहिजे. अमेरिकन मिशनरी इकडं आले तेव्हा उन्हाने, पटकीने, तापाने त्यांची लेकरं मेली. ते डोंगराकडं पळाले. मदुरेच्या अमेरिकन मिशनने १८४५ साली कोडाईकनालला पहिली घरं बांधली. मोटाररस्ता होईपर्यंत साहेबांची कुटुंबं वर जायची ती माणसांच्या खांद्यावरून, खुर्चीत नाहीतर डोलीत बसून. त्या पायवाटेचं नावच कुली घाट पडलं. मिशनरी वाईट होते असं म्हणत नाही. खाली मैदानात त्यांनी आपल्या लेकरांना शाळेत बसवलं, जेव्हा गावची शाळा आपल्याला पडवीतही उभं करत नव्हती. पण खाली समता शिकवायची आणि वर जाताना खांदे लागायचे, ही गाठ तेव्हापासूनची आहे. साहेब गेले, गाठ तशीच राहिली. आम्ही गेलो तेव्हाही आपल्यातलाच माणूस रिक्षात बसत होता आणि आपल्यातलाच नाहीतर आपल्याहून खालच्या पायरीवर ढकललेला आदिवासी ती ओढत होता.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. रात्रीची साक्ष.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साक्ष म्हणजे उभं राहून सगळ्यांपुढं आपलं आयुष्य उघडं करायचं. मी कुठं होतो, प्रभूने मला कुठून उचललं. हे फार मोठं हत्यार आहे. आपल्या आत्मकथनांनी मराठी साहित्यात जे केलं, ते ही माणसं रोज रात्री पेट्रोमॅक्सच्या नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात करतात. सहा रात्री मी ऐकत होतो. एकाने दारूची साक्ष दिली. एकीने नवऱ्याच्या माराची दिली, नवरा शेजारीच मान खाली घालून बसला होता. कर्ज, कर्करोग, नापास झालेला पोरगा, मोडलेलं लग्न. सगळं बाहेर आलं. एकच गोष्ट बाहेर आली नाही. जात.

एकाही माणसाने उठून सांगितलं नाही की माझा आजा मांग होता, त्याला गावाने काय केलं, आणि मी ख्रिस्ती झाल्यावर गावाने मला काय केलं.

जात मंचावर आलीच नाही, असं मात्र नाही. आली. एका वक्त्याने पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली, १८८३ चा बाप्तिस्मा. दुसऱ्याने नारायण वामन टिळकांची सांगितली, १८९५ चा बाप्तिस्मा. दोन्ही वेळा आवर्जून उच्चार झाला : ब्राह्मण होते, सगळं सोडून आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रमाबाई आणि टिळक मोठेच होते, वाद नाही. पण हा हिशेब बघा. ब्राह्मणाची जात साक्षीत चालते, कारण ती सोडली की त्याग होतो. महाराची जात साक्षीत चालत नाही, कारण ती सांगितली की लाज होते. पन्नास कुटुंबांपैकी बहुतेकांचे आजे-पणजे महार-मांग होते. ज्यांच्यामुळं ही मंडळी उभी राहिली, ज्यांनी गावाच्या लाथा खाऊन क्रूस धरला, त्यांचं नाव नाही. ज्यांच्यापासून चर्चमध्ये पाच-दहा घरं आली, त्यांचे पुतळे. देवळातून बाहेर पडलो तरी ब्राह्मण पुढं आणि आपण पायरीवर, असाच हा फोटो झाला.

दुपारी झाडाखाली मात्र जात मोकळी फिरत होती. पोरीच्या स्थळाची चर्चा निघाली की आवाज खाली येई. "माणसं चांगली हायत, विश्वासातली हायत. पण मूळचे कोण?" महार ख्रिस्ती घरात मांग ख्रिस्ती पोरगी नको. मांग ख्रिस्ती घरातही हेच उलटं. प्रभुभोजनाचा प्याला एक, आहेराचं ताट वेगळं. आणि हे काय फक्त महाराष्ट्रात आहे? तमिळ मुलखात वडक्कनकुळमच्या चर्चचं बांधकामच एकोणिसाव्या शतकात असं केलं होतं की वरच्या आणि खालच्या जाती वेगवेगळ्या बसाव्यात. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कबरस्तानात दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवायला भिंत घातली. मेल्यावरही भिंत! पुनरुत्थानाच्या दिवशी कुणी कुठल्या बाजूने उठायचं, तेही ठरवून ठेवलंय.

सहाव्या रात्री आत्या उठली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "माझी सासू मेलं ढोर ओढणाऱ्या घरातली. गावच्या आडावर कळशी लावली म्हणून तिच्या हातावर मारलं व्हतं. तो हात मरेपत्तुर वाकडा राहिला. त्या वाकड्या हातानं तिनं मला पवित्र शास्त्र वाचाया शिकवलं. मला प्रभूची आठवण आली की तो हात दिसतो." एवढंच बोलली आणि बसली.

कुणीतरी हुंदका दिला. मागच्या रांगेतला एक म्हातारा हळूच "व्हय व्हय" म्हणाला. पण पुढं काही घडायच्या आत पेटीवर सूर लागला आणि पुढचं गीत सुरू झालं. गीत संपल्यावर एक गृहस्थ आत्याजवळ आले, अगदी नम्रपणे म्हणाले, "आजी, तुमचं खरं आहे. पण असं चारचौघांत बोलू नका. पोराबाळांचे कागद असतात."

दोस्तहो, हे वाक्य ऐकून माझा राग तिथल्या तिथं दुसरीकडं वळला. तोवर मी समजत होतो की ही माणसं लाजेने गप्प आहेत. लाज आहेच. पण लाजेच्या मागं सरकारचा शिक्का आहे.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींच्या सहीने संविधान (अनुसूचित जाती) आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद म्हणाला, हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली शीख आत घेतले. आपल्याला, बौद्धांना, १९९० साली. म्हणजे छप्पन ते नव्वद, चौतीस वर्षं, केंद्राच्या दारात आपणही बाहेरच उभे होतो. आपली एक अख्खी पिढी कागदावर एक आणि घरात एक अशी जगली. बाप घरी वंदना म्हणायचा आणि फॉर्मवर हिंदू महार लिहायचा. हे आपण विसरलो की काय? ख्रिस्ती दलित आजही त्याच दाराबाहेर आहे. म्हणून ते १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

या परिच्छेदाने काय होतं बघा. मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणारा सूसाई नावाचा माणूस. तमिळनाडूत अशा चांभारकाम करणाऱ्यांना फुकट टपरी द्यायची योजना निघाली. त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. त्याच रस्त्यावर, तीच आरी, तेच चामडं, तीच मूळची जात. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली कोर्टाने सांगितलं की धर्म बदलल्यावरही जातीचे भोग तितकेच कडक राहतात याचा पुरावा पुढं आलेला नाही. रस्त्यावर बसून दुसऱ्याचे जोडे शिवणारा माणूस स्वतःच पुरावा होता, पण तो वाचायला कोण तयार होतं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या सेल्वराणी यांच्या खटल्यात त्याच कोर्टाने ठरवलं की ही बाई नेमाने चर्चला जाते, तेव्हा ती हिंदू असल्याचं सांगून अनुसूचित जातीचा दाखला मागू शकत नाही, तसं करणं ही संविधानाशी फसवणूक आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी, आमच्या शिबिराच्या अगदी आधी, आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सांगितलं की जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाल्याची तक्रार करणारा माणूस पाळक असेल, तर त्याला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार नाही, त्याच्या खिशात जातीचा दाखला असला तरीसुद्धा. मारणाऱ्याने जात बघून मारलं. कोर्टाने धर्म बघून दार लावलं.

आता सांगा, आत्याला गप्प करणारा तो गृहस्थ भ्याड होता का? त्याला नेमकं कळलं होतं की या देशात साक्ष दिली की दाखला जातो. कुणाच्या आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट तोंडातून निघाली तर पोराचं कॉलेज जाईल, अशी सोय राज्याने करून ठेवली आहे. धर्मस्वातंत्र्य म्हणतात ते हेच का? मला वाटेल तो देव मान, पण मानलास तर तुझ्या जखमेवरचं औषध काढून घेईन!

चर्चमधले शहाणे लोक म्हणतात, "ब्रदर, ख्रिस्तात जात नाही. तुम्हीच ती बोलून जागी करता." मी विचारतो, पाप आहे हे तुम्ही रोज बोलता, त्याने पाप वाढतं का? दारूची साक्ष दिल्याने दारू वाढत नाही, उलट सुटते, असं तुम्हीच सांगता. मग तो नियम जातीला का लागू नाही? ज्यांना दाखल्याची गरज नाही, ज्यांच्या पोरांच्या फिया भरलेल्या आहेत, संस्थांच्या समित्यांवर ज्यांच्या खुर्च्या आहेत, ते का गप्प आहेत? त्यांच्या गप्प राहण्याला कुठल्याही आदेशाचं निमित्त नाही. ते गरिबाच्या भीतीआड आपली सोय लपवतात.

एके काळी ही परंपरा गप्प नव्हती. नगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ साली काढलेल्या 'ज्ञानोदया'नेच १८५५ साली मुक्ता साळवे या मांग पोरीचा निबंध छापला. फुल्यांच्या शाळेतली ही पोर. महार-मांगांचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने थेट देवालाच केला. ही जातीची साक्ष होती आणि ती मिशनच्या कागदावर छापली गेली. आज पावणेदोनशे वर्षांनी त्याच परंपरेतल्या शिबिरात एका म्हातारीच्या साक्षीवर पेटी वाजवावी लागते, याचा विचार मंडळींनी करावा.

आणि बाबासाहेबांनी हे आधीच सांगून ठेवलंय. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती मंडळींपुढं ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचा आपल्यावर ठसा आहे, असं त्यांनी मोकळेपणी म्हटलं. आणि त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवर आणि ख्रिस्ती समाजाच्या राजकीय गप्पपणावर बोटही ठेवलं. ते तिथं गेले, आदराने बोलले आणि खरं बोलले. आपण काय करतो? जात नाही, बोलत नाही आणि लांबून भुकटीचे विनोद करतो.

आता आपल्या घरातली अडचण. चळवळीतले काही जण कानात सांगतात, "ख्रिस्ती दलितांना आत घेतलं तर आपल्या ताटातला घास जाईल." ही भीती खोटी म्हणून मी उडवून लावणार नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना तेरा टक्के, आणि खाणारी तोंडं वाढली तर घास लहान होतो, हे गणित कुणालाही येतं. म्हणूनच मागणी अशी हवी की माणसं वाढतील तशी टक्केवारी वाढवा. १९९० ला आपल्याला आत घेतलं तेव्हाही कुणाला तरी हेच वाटलं असेल. आणि अत्याचार कायद्यात कुठला घास कमी होतो? मारलेल्या माणसाची फिर्याद नोंदवायला टक्केवारी लागत नाही. निदान तेवढ्यासाठी तरी आपण त्यांच्या शेजारी उभं राहायला काय हरकत आहे? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ सालीच तिसरा परिच्छेद काढून टाका म्हणून सांगितलं. सरकारने ते बासनात बांधलं आणि २०२२ साली पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग. प्रेतावर पांघरूण घालावं तसं.

म्हणून मंडळींना आणि आपल्या पोरांना, दोघांनाही सांगणं आहे.

मंडळींनो, सात दिवसांतली एक रात्र जातीच्या साक्षीला द्या. ज्यांना कागदाची भीती आहे त्यांना उभं करू नका. ज्यांना नाही त्यांनी आधी उभं राहा. रमाबाई-टिळकांच्या शेजारी वाकड्या हाताच्या बायांचीही नावं घ्या. ओझं वाहून आणणाऱ्याला भाव न घासता पैसे द्या आणि पंगतीला बोलवा. शिबिर उतरताना तिसऱ्या परिच्छेदाविरुद्ध सह्यांचा एक कागद खाली न्या. एवढं केलंत तर डोंगरावरची समता घाट उतरून गावात येईल. नाहीतर ती दस्तुरी नाक्यावर हमालाच्या डोक्यावरच राहील.

आणि आपल्या पोरांनो, भुकटीचा विनोद बंद करा. १० ऑगस्टला त्यांच्या मोर्च्यात निळा झेंडा घेऊन चला. आपल्या आया-आत्यांना वर्षातले सात दिवस चुलीपासून सोडवणारं एखादं शिबिर आपणही काढा, बुद्धविहाराच्या पैशातून, आणि भांडी आपण घासा. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या किती जणांच्या घरी आई बसून गरम भाकर खाते, एवढा हिशेब प्रत्येकाने आज रात्री घरी जाऊन करावा.

गावाने आपल्याला हाकलताना धर्म विचारला नव्हता. आपणही एकमेकांना तो विचारून मग हात द्यायचा की नाही ते ठरवणार असू, तर गावाचं काम आपणच पुरं करतोय.